तानूबाईची बांगडी

फार फार वर्षांपूर्वी, होडेवाडीला पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. खरी की खोटी ते नदीला विचारा. मी ऐकली तशी सांगतो.

होडेवाडीची नदी म्हणजे गावाची लेक. श्रावणात ती दुथडी भरली की बायका नावेत बसून मधल्या धारेपर्यंत जायच्या आणि तिची ओटी भरायच्या. काम बायकांचं; पुरुषानं नुसतं पाहायचंसुद्धा नाही. पण नाव वल्हवणारा तर पुरुष! मग गावानं तोड काढली: नावाड्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची. त्यामुळे नाव दरवर्षी भलतीकडेच जाई. एकदा ती पाटलांच्या उसात शिरली आणि बायकांनी उसाचीच ओटी भरली, असं म्हणतात.

पुढे धर्मा नावाडी गेला आणि वल्हं त्याच्या पोराच्या हाती आलं. गाव त्या पोराला तानाजी म्हणे. काही वर्षं त्यानंही निमूटपणे पट्टी बांधून घेतली. मग एका श्रावणात हिरवं लुगडं नेसून घाटावर आली ती तानूबाई.

"औंदा पट्टी नगं," ती म्हणाली. "मी बाई हाय. ल्हानपनापास्नं हाय. आईला इचारा."

तिची आई कोंडाबाई ओटीचं सूप घेऊन उभी होती. "व्हय," ती म्हणाली, "मलाच उमगाया लई वर्सं लागली."

रंगराव पाटलांच्या मिशा थरथरल्या. "लुगडं नेसलं म्हून कुनी बाई हुतं व्हय? उघड्या डोळ्याचा गडी नावंत असला, तर नदी नाव फिरवती. नाव फिरली, तर तू गाव सोडायचं!"

त्या नदीवाचून तानूबाईला दुसरं जगच नव्हतं. तरी तिनं वल्हं उचललं.

नाव धारेला लागली आणि गरागरा फिरू लागली! बायका किंचाळल्या. सगळ्यांचे डोळे तानूबाईकडे वळले. इतक्यात कोंडाबाईचं लक्ष मागच्या फळीवर गेलं. तिथं डोळ्यांपर्यंत पदर ओढून एक धिप्पाड बाई बसली होती आणि पदराखालून झुपकेदार मिशी बाहेर आली होती. तानूबाईची फजिती बघायला पाटील पाटलीणबाईंचं लुगडं नेसून आले होते.

नदीनं एकच लाट मारली. पाटील उडाले ते थेट स्वतःच्या उसात पडले, असं म्हणतात. नाव जागच्या जागी शांत झाली. तानूबाईनं पहिल्यांदाच उघड्या डोळ्यांनी ओटी पाहिली. खण, नारळ, हिरव्या बांगड्या, पाण्यावर पसरत जाणारं कुंकू. ती ढसाढसा रडली. इतकी वर्षं हे सगळं हाताच्या अंतरावर होतं! तेवढ्यात पाण्यातून ओटीतली एक बांगडी वर आली आणि तिच्या वल्ह्यात अडकली.

चिखलानं माखलेले पाटील लुगडं सावरत घाटावर आले, तेव्हा कोंडाबाई म्हणाली, "पाटील, तुमी बोल्ला त्ये खरं हाय. लुगडं नेसून कुनी बाई हुत न्हाई. मुळात असावं लागतं."

आता पूल झाला, तरी ओटीला नावच निघते. वल्ह्यात आधी तानूबाईच्या नावाची बांगडी घालतात, म्हणून नावाड्याला पट्टी लागत नाही. पट्टी बांधतात ती पाटलाला, आणि त्याला उसाकडे तोंड करून उभं करतात. आणि कुणा घरचं लेकरू धीर करून म्हणालं, "तुमी समजता तसा मी न्हाई," आणि घरचे त्याच्यावर ओरडू लागले, की गावातली म्हातारी माणसं त्यांना दटावतात, "आदी डोळ्यावरची पट्टी सोडा. मग बोला."