पंचाचे गोणपाट

एकदा एका वृद्ध पंचाने भर सत्कारसमारंभात, खांद्यावर नुकतीच पडलेली शाल काढली, तिची चौपदरी घडी घातली, ती जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर गुडघे टेकले. शाल देणारा व्यापारी समोरच उभा होता. सभागृहात कुजबूज झाली की म्हातारा भ्रमिष्ट झाला. ज्यांनी मला ही गोष्ट सांगितली, ते अजूनही ती संतापानेच सांगतात. पण संताप नेमका कोणावर करायचा हे त्यांना त्या दिवशी फार उशिरा कळले. तुम्हाला तेवढा उशीर होऊ नये म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

त्या गावात एक खेळ रुजला होता. मोठ्या टेबलावर पुठ्ठ्याचे डोंगर, रंगवलेल्या भुशाची झाडी आणि प्लास्टरच्या पडक्या भिंती मांडायच्या, त्यात बोटभर उंचीचे सैनिक उतरवायचे आणि दोघांनी लढायचे. चाल टेपने मोजायची. नेम लागला की हुकला, ते फासे ठरवणार. ऐकणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. खेळणारे मात्र वकील, शिक्षक, बँकेतले अधिकारी असे जाणते लोक होते, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर ते डोळ्याला भिंग लावून सैनिकांच्या पगड्यांच्या कडा रंगवीत असत. वर्षातून एकदा स्पर्धा भरे. जो जिंकेल त्याचे सैन्य पुढचे वर्षभर सार्वजनिक वाचनालयाच्या काचेच्या कपाटात, नावाच्या पाटीसह उभे राही. गावात या मानाचे मोल चांदीच्या ढालीपेक्षा जास्त होते. स्पर्धा सुरू केली ती या वृद्धाने, आणि इतकी वर्षे पंचही तोच. सगळे त्याला गुरुजी म्हणत.

या खेळाचा एक नियम नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. तोफेला समोरचा दिसत असेल तरच ती डागता येते. दिसतो की नाही, हे ठरवायचे तोफेमागे उभ्या असलेल्या त्या बोटभर गोलंदाजाच्या डोळ्यांनी. म्हणून वाद झाला की पंचाने खाली बसायचे, हनुवटी टेबलाच्या कडेशी आणायची, एक डोळा मिटायचा आणि गोलंदाजाच्या उंचीवरून पाहायचे. उभ्या माणसाला भिंतीच्या अलीकडचे दिसते तसे पलीकडचेही दिसते. गोलंदाजाला नुसती भिंत दिसते.

यासाठी गुरुजींच्या खांद्यावर सदैव एक गोणपाट असे. हाक आली की ते गोणपाट जमिनीवर टाकीत, गुडघे टेकीत, बराच वेळ निरखीत आणि "दिसतो" किंवा "दिसत नाही" एवढेच म्हणून उठत. लोक थट्टा करीत. "काय गुरुजी, आज बटाटे कुठे उतरवले?" गुरुजी हसून पुढच्या टेबलाकडे वळत. थट्टा सगळे करीत, पण त्यांच्या निर्णयावर कोणी कधी घरी जाऊन धुसफुसले नाही.

पुढे गुरुजींच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांनी पंचपद शिष्याकडे सोपवले. शिष्य तरुण, मेहनती, नियम मुखोद्गत असलेला. गोणपाटही त्यांनी त्यालाच दिले. शिष्याने ठरवले की स्पर्धा आता मोठी करायची. गावातल्या एका बड्या व्यापाऱ्याने हात सैल सोडला. वातानुकूलित सभागृह आले, दारात कमान आली, प्रमुख पाहुणे ठरले, फोटोग्राफर आला, आणि पंचासाठी खिशावर बोधचिन्ह शिवलेला निळा ब्लेझर आला. त्या ब्लेझरवर गोणपाट कसे शोभणार? शिष्याने ते सभागृहाच्या कोठीत टाकले. स्पर्धेच्या दिवशी सकाळी कोणीतरी ते उचलून दाराशी पायपुसणे म्हणून अंथरले, आणि सारे गाव त्याला पाय पुसून आत आले. गुरुजी तेवढे त्याच्या कडेने गेले.

अंतिम सामना व्यापाऱ्याचा पुतण्या आणि हर्षदा लोणकर यांच्यात होता. या गोष्टीतल्या बाकी कोणाचे नाव मी सांगणार नाही. हिचे मुद्दाम सांगतो, कारण त्या दिवशी बराच उशीर होईपर्यंत माईकवर ते धडपणे कोणी घेतले नाही. हर्षदाबाईंचे कचेरीसमोर झेरॉक्सचे दुकान. आपले सैन्य त्यांनी स्वतः साच्यात ओतले होते आणि स्वतः रंगवले होते. वाचनालयाच्या त्या कपाटात आजवर एकाही बाईचे सैन्य उभे राहिले नव्हते, आणि त्या दिवशी ते एका सामन्याच्या अंतरावर होते.

सामना रंगात आला असताना पुतण्याने तोफेचा रोख बाईंच्या सेनापतीवर धरला. सेनापती पडला की सामना संपला, असा नियम. सेनापती वेशीच्या पडक्या भिंतीमागे उभा होता. बाई म्हणाल्या, दिसत नाही. पुतण्या म्हणाला, दिसतो बहुतेक. पंचाला हाक गेली.

शिष्य आला. दोन्ही हात ब्लेझरच्या खिशात होते. त्याने उभ्या उभ्या टेबलाकडे पाहिले आणि म्हणाला, "दिसतोय की."

"जरा वाकून बघा ना," हर्षदाबाई म्हणाल्या.

"ताई, नियम मला पाठ आहेत."

"नियमाचं नाही म्हणत मी. खाली बसून एकदा बघा, एवढंच."

"पाहुणे निघालेत तिकडून. खेळ पुढे न्या." आणि वळता वळता, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा बेताने, त्याने वर जोडले, "हरायला लागलं की सगळ्यांनाच भिंत दिसते."

लोक हसले. फासे पडले, सेनापती पडला, सामना संपला.

त्या हसण्याचा मला आजही राग येतो, आणि तो मी झाकून ठेवणार नाही. शिष्य लबाड असता तर मला इतके वाईट वाटले नसते. लबाडाला निदान आपण काय करतो ते ठाऊक असते. याने कोणाचा पैसा घेतला नव्हता, पुतण्याशी त्याचा घरोबा नव्हता. नवा ब्लेझर होता, पॅंटची इस्त्री कडक होती, लोक बघत होते, म्हणून हा माणूस वाकला नाही. एका बाईच्या वर्षभराच्या कष्टांपेक्षा त्याला इस्त्रीची घडी मोलाची वाटली. आणि वाकून पाहा म्हणणे हा तिचा हक्क होता, तोही त्याने चेष्टेवारी नेला.

गुरुजी मागच्या रांगेत बसून हे सर्व पाहत होते. ते तेव्हा काही बोलले नाहीत. पंचाचा निर्णय प्रेक्षकाने बदलायचा नसतो, हे त्यांनीच गावाला शिकवले होते.

पाहुणे आले. अंतिम सामन्याचे टेबल फोटोसाठी जसेच्या तसे ठेवले होते. बाईंचा पडलेला सेनापती तेवढा त्यांच्या हातात होता. कापूस घातलेला रिकामा डबा मांडीवर घेऊन त्या भिंतीशी बसल्या होत्या, फोटो उरकले की उरलेले सैनिक गोळा करून घरी जाण्यासाठी. ढाल देण्याआधी स्पर्धेच्या संस्थापकाचा सत्कार होता. व्यापाऱ्याने चांगले भाषण केले. "ज्यांच्या निःपक्षपातीपणाला या गावात तोड नाही," असे म्हणून त्याने गुरुजींच्या खांद्यावर उंची शाल घातली आणि हाती श्रीफळ दिले.

गुरुजींनी श्रीफळ पाहुण्यांच्या टेबलावर ठेवले. मग ते व्यासपीठावरून खाली उतरले, त्या मांडलेल्या रणांगणाशी गेले, आणि सुरुवातीला सांगितले ते त्यांनी केले. शाल जमिनीवर, शालीवर गुडघे, हनुवटी टेबलाच्या कडेशी, एक डोळा मिटलेला.

व्यापारी लालबुंद झाला. "गुरुजी, हा सत्कार आहे. खास मागवलेली शाल आहे ती, गुडघ्याखाली घालायला नाही दिली."

गुरुजी पाहतच राहिले. शिष्य धावत खाली आला आणि कानाशी लागून म्हणाला, "उठा गुरुजी. लोक बघतायत. माझी काय शोभा चाललीय इथे."

"लोक बघतायत ते दिसतंय मला," गुरुजी म्हणाले. "तू काय बघितलंस, ते सांग."

उत्तराची वाट न पाहता गुरुजींनी व्यापाऱ्याकडे मान वळवली. गुडघे शालीवरच होते. त्यांचा आवाज चढला नाही, पण इतक्या वर्षांत तो असा कडक झालेला कोणी ऐकला नव्हता.

"शेठ, रागावू नका. ही शाल तुम्ही मला कशाबद्दल दिलीत? निःपक्षपाती म्हणालात. मी कसला आलोय थोर. वाद झाला की मी खाली बसत होतो. जन्मभर एवढंच केलं. ज्या गोणपाटावर बसायचो, त्याला आज तुम्ही सगळे पाय पुसून आत आलात. मग गुडघ्याखाली घ्यायला हाताशी होतं ते घेतलं. माझ्या वाकण्याचा सत्कार करता, आणि वाकायला माझ्या पंचाला लाज वाटते. मग हा सत्कार मी पांघरू कशाला?"

मग ते शिष्याकडे वळले. "वरून सगळं दिसतं ना, म्हणून वरच्याला वाटतं आपल्याला सगळं कळलं. अरे, पण ते सगळं त्या गोलंदाजाला कुठे दिसतंय? नियम त्याच्या डोळ्यांचा आहे, तुझ्या नाही. ती बाई मला जिंकवा म्हणाली नव्हती. वाका म्हणाली. आणि तू तिला हसलास. चूक केली असतीस तर मी पोटात घातली असती. तू तर बघितलंच नाहीस." एवढे बोलून त्यांनी शालीवर सरकून थोडी जागा केली.

शिष्याने एकदा व्यासपीठाकडे पाहिले. मग तो त्या उरलेल्या जागेवर बसला. ब्लेझरच्या कडा जमिनीला लागल्या. पुतण्याच्या गोलंदाजाशी डोळा नेताना त्याला दोनदा मान वाकडी करावी लागली. समोर भिंत होती. विटांच्या रेघा, वर पडलेली एक भेग, आणि त्याच्याही वर सभागृहातल्या दिव्यांचा उजेड. सेनापती जिथे उभा होता ती जागा त्या भिंतीने पुरी झाकली होती. तो गुरुजींपेक्षाही जास्त वेळ तसाच राहिला.

"दिसत नाही," तो म्हणाला.

पुतण्याही खाली बसून पाहू लागला. "मलाही आधी तशी शंका होती," तो हळूच म्हणाला, "पण पंचच म्हणाले दिसतो, मग मी कशाला बोलू?" अशी शंका आणखीही बऱ्याच जणांना आली असावी. मघाशी हसलेले लोक आता आपापल्या बुटांकडे पाहत होते.

शिष्याने माईक हातात घेतला. "निर्णय चुकला," तो म्हणाला. "मी न वाकता दिला. सेनापती जिवंत आहे. हर्षदा लोणकर यांची मी माफी मागतो."

टाळ्या वाजू लागल्या, पण हर्षदाबाई उठल्या तशा थांबल्या. "माफी माईकवर मागितलीत, बरं केलंत," त्या म्हणाल्या. "हसलात तेव्हा माईक नव्हता हातात, तरी सगळ्यांना ऐकू गेलं होतं." त्यांनी सेनापती भिंतीमागे, अगदी होता त्या जागी उभा केला. मग पुतण्याला विचारले, "चाल कोणाची?"

सामना पुढे सुरू झाला. प्रमुख पाहुण्यांना दुसरा कार्यक्रम होता, ते ढाल टेबलावर ठेवून गेले. व्यापारी मात्र थांबला, आधी रागाने आणि मग खेळात गुंतून. बाईंनी घोडदळ झाडीतून काढले, पुतण्याची तोफ घेतली, आणि त्या जिंकणार असे वाटत असतानाच फासे उलटले. बाई हरल्या. काचेच्या कपाटात त्या वर्षी पुतण्याचेच सैन्य गेले.

आता मला कोणी म्हणेल, मग एवढा आटापिटा कशाला, निकाल तर तोच लागला. असे म्हणणाऱ्याचाही मला राग येतो. हरल्यावर हर्षदाबाईंनी पुतण्याशी हात मिळवला आणि म्हणाल्या, "फासे होते ते. त्यांच्यावर काय रागवायचं." मघाशी भिंतीशी बसलेली बाई आणि ही बाई, दोघींच्या चेहऱ्यात काय फरक होता, हे त्या सभागृहात असलेल्या कोणालाही विचारा.

लोक पांगले. गुरुजींनी शाल उचलली. तिच्यावर गुडघ्यांचे दोन मळकट ठसे उमटले होते. व्यापारी जवळ आला आणि अवघडून म्हणाला, "द्या इकडे, धुऊन आणून देतो."

"असू द्या," गुरुजी म्हणाले. "मघाशी ती नुसती अंगावर होती, आता माझी झाली." आणि ती शाल पांघरून ते घराकडे निघाले.

हर्षदाबाई डबा घेऊन बाहेर पडल्या तेव्हा दाराशी शिष्य उकिडवा बसला होता. ब्लेझर काढून त्याने कठड्यावर टाकला होता, आणि पायपुसण्याचे गोणपाट तो दोन्ही हातांनी झटकत होता. माती उडून त्याच्या पांढऱ्या शर्टावर बसत होती. बाई दिसताच तो उठू लागला, मग तसाच खाली राहिला.

"पुढच्या वर्षी याल ना, ताई?"

बाईंनी त्याच्या हातातल्या गोणपाटाकडे पाहिले. "हे असेल तर येईन," त्या म्हणाल्या.

तुमच्या-माझ्या हातीही कधी ना कधी कोणाचा तरी निकाल येतोच. तेव्हा खाली बसून पाहावे, आणि गोणपाट हाताशी नसेल तर सत्काराची शाल चालते.