बागेतली चूल आणि राजाच्या टाचा

राजाची चूल पुन्हा तडकली! तीन वर्षांत ही तिसरी.

वाघोटीचा राजा मानसिंगराव माणूस भला, पण जेवायला बसायचा तो बागेतच. डोक्यावर आभाळ हवं, समोर चूल हवी, आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात पडायला हवी. लिंबाजी गवंडी दर वर्षी तिथे चूल बांधून द्यायचा. काम असं, की हात फिरवून बघावं. पण राजाचे हुकूमही तसेच. वर छप्पर नको, चांदणं झाकतं. शेणामातीचं सारवण नको, वास येतो. आणि राजाने हात धुतला की धुराची रेघसुद्धा दिसायला नको. मग आचारी काय करायचे? रसरसत्या चुलीवर घागर उपडी करायचे. चुर्र!

लिंबाजीला दरबारात उभं केलं. मागे त्याची सून येसू पदर सावरून उभी होती.

"लिंबाजी, ही चूल माझ्या नातवापर्यंत टिकायची होती. पुतण्याच्या बारशापर्यंतसुद्धा टिकली नाही!"

"सरकार, वर नुसतं झापाचं छप्पर..."

"छप्पर नको!"

"निदान रोज सारवण..."

"सारवण नको! टिकाऊ म्हणजे काय? ज्याला हात लावावा लागत नाही ते! नवी चूल घाल, नातवापर्यंत टिकणारी. आणि टिकणार याची खात्री मला आत्ता पाहिजे! नाहीतर थापी इथे ठेव आणि बिऱ्हाड वेशीबाहेर ने."

लिंबाजीने कमरेची थापी चाचपली. नातू अजून जन्माला यायचा होता, खात्री आत्ता कुठून आणायची? चाळीस वर्षं त्याने लोकांची घरं बांधली, आणि आता स्वतःचंच सोडायची पाळी आली. येसूने पदर खोचला.

"मी घालते चूल, महाराज. तुमच्याइतकी टिकेल."

हे कमी आहे म्हणायची कुणाची छाती?

"माझ्याइतकी? कशावरून?"

"एकाच मापाने मोजू की! आठ दिवस चुलीला छप्पर नाही, सारवण नाही. महाराजांनाही छत्री नाही, तेल नाही, लोणी नाही, पायात जोडा नाही. चूल उन्हात, तर महाराज उन्हात. तिच्यावर घागर ओतली की दुसरी महाराजांच्या पायांवर. नवव्या सकाळी भेगा मोजायच्या. चुलीच्या जास्त भरल्या, तर आम्ही चाललो वेशीबाहेर."

"सूनबाई!" लिंबाजी कुजबुजला. "राजाला उन्हात बसवतेस?"

"मी कुठे, मामंजी? त्यांचा हट्ट बसवतोय."

"मी काय मातीचा आहे?" राजा गरजला. "मंजूर!"

येसूने चूल घातली, सुकवली, आणि चैत्राच्या उन्हात दोघं शेजारी शेजारी बसली. चूल आणि राजा.

दुसऱ्या सकाळी चुलीला केसासारखी भेग दिसली. राजा मिशीत हसला.

तिसऱ्या दिवशी राजा म्हणाला, "येसू, पायाला जरा तेल चालेल का गं?"

"चालेल की, महाराज. मग मीही चुलीवर हात फिरवते."

"नको, नको! राहू दे."

पाचव्या दिवशी वळीव आला. आचारी पडवीत पळाले, मोर झाडाखाली गेले. राजा आणि चूल जागच्या जागी भिजली. चूल बोलली नाही. राजा खूप बोलला.

चुलीच्या भेगा वाढतच होत्या. येसू रोज उकिडवी बसून मोजायची आणि घरी जाऊन गाठोडं बांधायची. राजाच्या टाचा मात्र कुणाला दिसेनात. तो धोतराने पाय झाकून बसायचा.

नववी सकाळ उजाडली. कारभारी कोळसा घेऊन आले. एक भेग, बागेच्या भिंतीवर एक रेघ.

"चुलीला सहा."

लिंबाजीने डोळे मिटले.

"झालं तर मग," राजा म्हणाला. "टाचा कशाला बघायच्या?"

"माप एकच ठरलंय, महाराज," येसू म्हणाली.

राजाने नाइलाजाने पाय पुढे केले. कारभारी वाकले.

"डावीला चार."

राजाचा चेहरा खुलला.

"उजवीला पाच."

"नीट मोजा, कारभारी!"

कारभाऱ्यांनी अगदी नाक लावून मोजलं. "माफी असावी, महाराज. चुकलंच. उजवीला सहा. एकूण दहा."

राजाने वाकून स्वतःच टाच चाचपली. "म्हणजे गं, तुझी चूल माझ्याहून टिकाऊ?"

"छे, महाराज! मातीहून माणूस पक्का. पण महाराज इतकी वर्षं टिकले, ते काय कुणी हात न लावता? कुणी तेल चोळतं, कुणी छत्री धरतं. माझ्या माहेरी परसातली चूल साठ वर्षांची आहे. सकाळी तिच्यावर शेणामातीचं पोतेरं फिरतं, निखारे राखेखाली निजवतात, पावसाळ्याआधी वर झाप पडतं. महाराजांचं जेवढं होतं, त्याच्या चौथाईइतकंच तिचं करा. नातू सोडा, पणतू येऊन भाकरी मागेल!"

राजा आधी हुं म्हणाला. मग त्याचं पोट हललं. मग तो असा हसला, की मोर पुन्हा झाडाखाली गेले.

"छप्पर घाला! रोज सारवा! पाणी ओतणाऱ्याला मीच धरतो! लिंबाजी, थापी तुझी, घर तुझं. आणि येसू, माझ्या जितक्या भेगा, तितके बिघे जमीन तुला. दहा बिघे! हा हा हा!"

आठ दिवस राजाच्या ओठाला लोणी लागलं नव्हतं. हसता हसता तो ओठ मधोमध उलला.

कारभाऱ्यांच्या हातात कोळसा होताच. त्यांनी शांतपणे आणखी एक रेघ ओढली.

"अकरा, महाराज."

राजाने तोंड मिटून घेतलं. जोडे येईपर्यंत तो अगदी गंभीर बसून होता.