शेकडा वीस

शंखपुरी नगरीत वज्रबाहू राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. त्याचे नाव सुनेत्र. भद्रिका ही त्याची पत्नी आणि उत्पला ही एकुलती एक मुलगी.

एके साली नगरीचे मोठे तळे आटले. त्याच्या पाण्यावरची शेते सुकली. एवढ्या माणसांना धान्य पुरेना, तेव्हा राजाने आज्ञा केली की शंभर घरांमागे वीस घरांनी नदीपार अरण्यात जाऊन राहावे. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. उत्पला सासरच्या माणसांबरोबर गेली. धान्य पलीकडे जाऊ नये म्हणून नावाही बंद झाल्या.

भद्रिका रोज सकाळी घाटावर जाई आणि पलीकडचा धूर पाहत बसे. "आज तिने चूल उशिरा पेटवली," असे घरी येऊन सांगे. तो धूर उत्पलेच्याच चुलीचा आहे हे तिला कोण सांगणार? पण सुनेत्राने तिचे म्हणणे कधी खोडून काढले नाही. तोही संध्याकाळी त्याच पायरीवर बसत असे.

पुढे तळे भरले. राजाने दवंडी पिटवली, "शेकडा वीस घरे कमी केली होती, आता शेकडा वीस घरे वाढवा." पुन्हा चिठ्ठ्या निघाल्या, नावा भरभरून आल्या. शेवटची नाव रिकामी झाली, तरी उत्पला उतरली नाही.

सुनेत्र राजाकडे गेला. "महाराज, काही घरे मागे राहिली."

"कशी राहतील? वीस काढली, वीस आणली."

"काढली ती शंभरांतली वीस. मागे ऐंशी उरली. आणताना आपण या ऐंशींवर शेकडा वीस धरले, ती सोळाच झाली. दर शंभरामागे चार घरे अजून पलीकडे आहेत. ऐंशींची शंभर करायची तर शेकडा पंचवीस वाढवावी लागतात."

राजाने मनाशी मांडून पाहिले. हिशेब खरा होता. पण दवंडी फिरून गेली होती, आणि आपली चूक नगरीला कळावी हे त्याला रुचेना. तो म्हणाला, "शंभरात चार, एवढे चालायचेच. तुमची कन्या त्यांत आहे, होय ना? उद्या नाव पाठवतो. तिला आणा आणि हा विषय सोडा."

सुनेत्राचे मन त्या नावेत जाऊन बसले.  पण हात जोडून तो म्हणाला, "तिला आणले, तर बाकीच्यांसाठी बोलायला माझे तोंड उरणार नाही."

भद्रिकेला हे कळले, तेव्हा ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "मला ती एकदा बघायची होती." त्या हिवाळ्यात तिने अंथरूण धरले. सुनेत्र दरबारात पुन्हा पुन्हा तीच विनंती करी आणि राजा विषय बदली. भद्रिका रोज विचारी, "नाव आली का?" एके दिवशी तिने विचारले नाही.

राजा सांत्वनाला आला. सुनेत्र एकटाच ओसरीवर बसलेला पाहून त्याने विचारले, "मुलगी आली नाही आईला शेवटचे पाहायला?"

"ती चारांतली आहे, महाराज."

 राजा तिथूनच थेट घाटावर गेला आणि "हिशेब माझा चुकला," असे सर्वांदेखत सांगून त्याने सगळ्या नावा सोडायला लावल्या.

उत्पला घरी आली. आईची रिकामी खोली पाहून तिने वडिलांना विचारले, "बाबा, आईने मला बोलवा म्हटलं नाही?"

"रोज म्हणत होती."

"मग?"

"पलीकडे आणखीही घरं होती, बाळ."

 उत्पला त्यांच्याजवळ येऊन बसली.

ही कथा संपवून शास्ते भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा आज या संघातला स्थविर सुदन्त आहे. भद्रिका आणि उत्पला या दोघी समोर बसलेल्या उपासिका आहेत, आणि या जन्मी त्या सख्ख्या बहिणी आहेत. अमात्य मी होतो. मागे राहिलेले थोडेच असले तरी त्यांना न विसरणे, हीच समदृष्टी."