कवडी मांजरीच्या मापाच्या घासाची कहाणी

बायांनो, हातात अक्षता घ्या, चित्त ठायी ठेवा. लेकराबाळांना राखणाऱ्या षष्ठीमातेची कहाणी सांगते, तिच्या लाडक्या वाहनाची, मांजरीची कहाणी सांगते, ती ऐका.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. नगराला नदीचा वेढा होता. पहाटेचं धुकं नदीतून वर येई, गल्लीगल्लीत शिरे आणि अंगणात वाळत घातलेल्या सुताच्या लडींत अडकून राही. सूत कोणतं नि धुकं कोणतं, ते उन्हं चढेपर्यंत कळत नसे.

त्या नगरात रायाजी नावाचा कोष्टी राहत होता. त्याची बायको सुंद्रा, म्हातारी आई भिवराबाई, एकुलती एक लेक चंद्रा. आणि घरात एक मांजर होती. पांढरी, पाठीवर पिवळे ठिपके, म्हणून तिला कवडी म्हणत. सुताला खळ लावावी लागते, खळीच्या वासानं उंदीर येतात, म्हणून कोष्ट्याच्या घरी मांजर लागतेच. कवडी मागाखाली शिरे, माळ्यावर चढे, उंदराला थारा देत नसे.

मग काय झालं? चंद्राचं लग्न झालं. सासर डोंगरापलीकडं, लांब. लेक गेली नि घर रितं झालं. माग चाले, धोटा इकडून तिकडं जाई, पण माणसं एकमेकांशी बोलत नसत. बोलायला गेलं की चंद्राचं नाव येई, आणि नाव आलं की डोळे भरत.

सुंद्रा सकाळी दूध तापवी. साय काढताना हात थबके. ही साय चंद्राला आवडायची. मग ती साय कवडीला घाली. रायाजी दुपारी जेवायला बसे. तळलेल्या मासळीचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवी, तसा तो चंद्रासाठी ठेवत असे. मग तो तुकडा कवडीला घाली. भिवराबाई तिसऱ्या प्रहरी दूधभात कालवी. चंद्रा लहान होती तेव्हा ती असाच कालवीत असे. मग तो दूधभात कवडीला घाली. एकानं घातलेलं दुसऱ्याला ठाऊक नसे, दुसऱ्यानं घातलेलं तिसऱ्याला ठाऊक नसे. ज्याला त्याला वाटे, बिचारी उपाशीच आहे.

कवडी खाई नि निजे. निजे नि खाई. होता होता ती फुगली. पोट जमिनीला टेकलं. माळ्याची शिडी चढवेना. पाठ चाटायला मान वळवी, ती पाठीपर्यंत पोचेना. पाठीवरच्या केसांच्या गाठी झाल्या. ओटीवरच्या उन्हात पडून राही, स्वप्नात पाय हलवी, जागेपणी हलवत नसे.

त्या साली राणीचं ओटीभरण होतं. तिचं लुगडं रायाजीच्या मागावर होतं. एके सकाळी तो मागाशी बसला तो काय, मागावरच्या उभ्या सुताचा सगळा ताणा कुरतडलेला. उंदीर आले, खळ खाल्ली, सूत तोडलं नि गेले. कवडी शेजारीच घोरत होती. रायाजीला संताप आला. म्हणाला, आजपासून हिला अन्नाचा कण घालायचा नाही. पोटाला चिमटा बसला की धरील उंदीर.

घरधन्याचा शब्द कोण मोडणार? पहिल्या दिवशी कवडी चुलीपाशी बसून ओरडली. दुसऱ्या दिवशी हळू ओरडली. तिसऱ्या दिवशी ओरडलीच नाही. मग सुंद्राला राहवलं नाही. तिनं साय पुढं केली, कवडीनं तोंड फिरवलं. मासळी पुढं केली, तोंड फिरवलं. दूधभात पुढं केला, डोळे मिटले. सुंद्रानं तिचे कान उलटून पाहिले. आतून हळदीसारखे पिवळे. रायाजीनंही पाहिलं. त्याच्या हातातला धोटा गळून पडला. त्याला जनावर मारायचं नव्हतं.

सुंद्रा उठली ती तडक नदीवर गेली. दुपारची वेळ. घाटावर कुणी नाही. पाण्यावर ऊन सांडलेलं. तिथं एक म्हातारी धुणं धूत बसली होती. धुणं कसलं? तान्ह्या बाळांची अंगडी, टोपडी, दुपटी. एक पिळावं तर खाली दुसरं, दुसरं पिळावं तर खाली तिसरं. त्याला अंतच नव्हता. काठावरच्या झुडपाझुडपांवर इवलीइवली अंगडी वाळत होती, वारा नसताना हलत होती, आणि साऱ्या नदीला दुधाचा वास येत होता.

म्हातारीनं विचारलं, "बाई, बाई, का रडतेस?"

सुंद्रानं सगळं सांगितलं. लेक सांगितली, मांजर सांगितली, कुरतडलेलं सूत सांगितलं, पिवळे कान सांगितले. म्हातारीनं हातातलं अंगडं बाजूला ठेवलं.

"अगं, मायेनं फुगवलंत नि रागानं उपाशी मारलंत. लठ्ठ मांजर एकाएकी उपाशी राहिली की अंगातली चरबी काळजावर चढून बसते. मग खावंसं वाटलं तरी खाववत नाही. उपासानं ती बारीक होत नाही, ती मरते."

"मग मी काय करू, आई?"

"मी एक वसा देते, तो घे. उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

मग म्हातारीनं वसा सांगितला. आधी जनावरांचा वैद्य आणावा. तो देईल ते औषध द्यावं. उकडलेल्या माशाचं पातळ सार बोटाबोटानं चाटवावं, जबरदस्तीनं कोंबू नये. ती हुशारली की एक करवंटी घ्यावी, ते तिचं दिवसाचं माप. त्यात उकडलेला मासा काटे काढून घालावा, मीठ घालू नये, तेल घालू नये. भात उगी नावाला. साय नाही, दूध नाही. तहानेला पाणी. करवंटीचे चार वाटे करावे, ते दिवसभरात थोडे थोडे घालावे. घालणारा हात एकच असावा. पुनवेपुनवेला माप चिमूटभर उणं करावं, जास्त करू नये. रोज सुताची गुंडी ओढून तिला खेळवावं, दमली की थांबावं. अधूनमधून पाठीपोटावरून हात फिरवून पाहावा. फासळी हाताला लागावी, डोळ्यांना दिसू नये. तसं झालं की माप तिथंच ठेवावं. आणि घाई करू नये. जी चरबी वर्षानं आली, ती आठवड्यात जात नाही.

इतकं ऐकलं नि सुंद्रानं वाकून पाय धरायला हात पुढं केले, तर हाताला नुसती ओली पायरी लागली. झुडपं मोकळी होती. दुधाचा वास तेवढा राहिला होता.

सुंद्रा घरी आली. रायाजी आपणहून धावत जाऊन वैद्याला घेऊन आला. वैद्यानं औषध दिलं. सुंद्रा सार करी, बोटावर घेई, कवडीच्या ओठाला लावी. पहिल्यांदा ओघळून गेलं. दुसऱ्यांदा ओघळून गेलं. तिसऱ्यांदा जीभ हलली. भिवराबाई देवापाशी बसली होती, तिथूनच तिनं हात जोडले. हळूहळू कानांचं पिवळेपण उतरलं. कवडी उठून पाण्यापाशी गेली. मग वसा सुरू झाला.

वसा घेणं सोपं, पाळणं अवघड. कवडी पायांत घोटाळे, तोंडाकडं पाही. भिवराबाईला दया आली. तिनं पदराआड दूधभात नेऊन घातला. पुनवेला हात फिरवला, फासळी लागेना. सुंद्रानं सासूबाईंना दोष दिला नाही, करवंटीचं माप पुन्हा पहिल्यापासून धरलं. मग रायाजीला दया आली. त्यानं मागाआड मासळी टाकली. पुनवेला हात फिरवला, फासळी लागेना. सुंद्रानं नवऱ्यालाही दोष दिला नाही, करवंटीचं माप पुन्हा पहिल्यापासून धरलं.

मग दिवाळी आली. चंद्रा येईल म्हणून सुंद्रानं उटणं वाटलं, करंज्या केल्या. सासरहून निरोप आला, सूनबाईंना यंदा धाडता येत नाही. सुंद्रा चुलीपाशी गेली. दुधाचं पातेलं उतरवलं, साय काढली, सगळी वाटीत घेतली नि कवडीपुढं बसली. कवडीनं मान पुढं केली. तेवढ्यात सुंद्राच्या डोळ्यांतून टप्पकन पाणी पडलं, ते वाटीत पडलं. तिनं वाटी मागं ओढली.

दाराशी रायाजी उभा होता. त्याच्या मागं भिवराबाई. रायाजी म्हणाला, "अगं, ही साय कवडीची नव्हे."

सुंद्रा म्हणाली, "ठाऊक आहे."

"मी ठेवतो तो तुकडाही तिचा नव्हे."

भिवराबाई खाली बसली. म्हणाली, "माझा दूधभात तरी कुठं तिचा होता?"

मग तिघंही चुलीपाशी बसली नि चंद्राबद्दल बोलली. किती दिवसांनी बोलली. ती कशी हसायची ते बोलली, कशी रुसायची ते बोलली, तिच्यावाचून घर कसं खायला उठतं ते बोलली. बोलता बोलता रडली, रडता रडता हसली. साय तशीच वाटीत राहिली. कवडी आपल्या वाट्याचा मासा खाऊन निजायला गेली.

त्या दिवसापासून पदराआड काही गेलं नाही, मागाआड काही पडलं नाही. रायाजी संध्याकाळी सुताची गुंडी ओढी. आधी कवडी नुसती पाही. मग पंजा मारी. मग दोन उड्यांत धाप लागे. मग अंगणभर धावे. पुनवेमागून पुनवा गेल्या. पाठ चाटता येऊ लागली, अंगाला झळाळी आली. एके सकाळी सुंद्रानं हात फिरवला. फासळी हाताला लागली, डोळ्यांना दिसली नाही. तिनं माप तिथंच ठेवलं. त्याच आठवड्यात माळ्यावरून उंदीर पळाले. रायाजीनं ताणा नव्यानं भरला नि लुगडं राणीच्या बाळाच्या उष्टावणाला नेऊन दिलं.

मग रायाजी म्हणाला, आता निरोपाची वाट पाहायची नाही. त्यानं बैलगाडी जुंपली, डोंगर ओलांडला, व्याह्यांपुढं जाऊन हात जोडले. चंद्राला दिवस गेले होते. तिला माहेरच्या आठवणीनं अन्न जात नव्हतं. व्याह्यांनीही ते पाहिलं होतं. त्यांनी बाळंतपणाला लेक धाडली.

गाडी अंगणात आली. चंद्रा उतरली, आजीच्या गळ्यात पडली. सुंद्रानं पाट मांडला, रांगोळी घातली, ताट वाढलं. भात वाढला, वरण वाढलं, वर साय वाढायला वाटी उचलली. आणि तिचा हात थांबला. लेकीला वाढताना तो आयुष्यात पहिल्यांदा थांबला.

तिनं विचारलं, "बाळ, भूक किती आहे तुला?"

चंद्रानं आईकडं पाहिलं. म्हणाली, "आई, साय नको. तू नुसती जवळ बस."

सुंद्रानं वाटी खाली ठेवली नि लेकीला टेकून बसली. चंद्रा हळूहळू जेवली, पोटभर जेवली. बाहेर सुताच्या लडींतून ऊन गळत होतं.

जशी षष्ठीमाता सुंद्राला पावली, मुक्या जिवाला मापाचा घास नि माणसाला मायेचा शब्द मिळाला, तशी ती तुम्हां आम्हां पावो. कुणाचं लेकरू उपाशी न राहो, कुणाचं दुःख दुसऱ्याच्या पोटात न जावो. साठ उत्तरांत मावली नसती ती कहाणी पाच उत्तरांत सांगितली. देवीनं ऐकली, तुम्ही ऐकली. सुफळ झाली, संपूर्ण झाली.