दिव्यात पुन्हा तेल

एका डोंगराच्या पोटात एक राक्षस निजला होता, आणि डोंगराच्या पायथ्याशी होतं एक गाव. वीणा वाजत राहिली की तो निजलेला राही. म्हणून गावातल्या बायका पहारा देत. एकीने वीणा गळ्यात घालायची, दिव्यातलं तेल संपलं की दुसरीच्या गळ्यात द्यायची. खाली मात्र ठेवायची नाही, बरं का.

त्यांत भिवरा सगळ्यांत गोड वाजवी. तिच्यानंतर पाळी सगुणाकाकूंची, आणि काकूंचं वाजवणं म्हणजे नुसती खटखट. भिवराला वाटे, या वाजवतील आणि राक्षस उठेल. डोंगराला लागून पहिलंच घर तिचं, घरात म्हातारी आई. मग तिने काय केलं? गुपचूप दिव्यात तेल घातलं.

मग तिचा हात बोलला, "भिवरे, मला मुंग्या आल्यात. जरा सोड." भिवराने बोटं झटकली नि वाजवत राहिली.

काकू पाळीला आल्या. भिवरा म्हणाली, तेल आहे अजून. काकूंनी दिव्याकडे पाहिलं, मग तिच्या सुजलेल्या मनगटाकडे.

"अगं, राक्षसाला सूर कळत असता तर तो राक्षस झाला असता का? त्याला नुसता आवाज लागतो. दे इकडे."

भिवराने दिली नाही. काकूंची पाठ वळली की पुन्हा तेल. हात म्हणाला, "भिवरे, कोपरापर्यंत कळ जाते गं." तिने मनगटाला चिंधी आवळली.

मग तिसऱ्यांदा तेल घातलं. या वेळी हात बोललाच नाही. भिवराला बरं वाटलं. पण हात गप्प झाला की समजावं, वाईट झालं. तिची बोटं मिटेनात की उघडेनात. वीणा थांबली.

डोंगर हलला. राक्षसाने पंजा बाहेर काढला आणि पहिलं घर उचललं. आईला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. काकू धावत आल्या, वीणा ओढून घेतली नि खटखट वाजवू लागल्या. राक्षसाने जांभई दिली आणि तो निजला. त्या खटखटीवर निजला, बरं का.

आई परत आली नाही. हात आला, पण हळूहळू. काकूंनी रोज शेक दिला, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. पुष्कळ दिवसांनी भिवराने वीणा घेतली, सैल हाताने, थोडाच वेळ. पहिली मुंगी आली की ती काकूंना हाक मारी, दिव्यात तेल असलं तरी. करंगळी मात्र कायमची वाकडी राहिली.

मग गाव सुखाने निजू लागलं. तुम्हीही निजा. आणि तो डोक्याखालचा हात काढा बघू आधी.