खुरप्याचं चोख काम

कातळाच्या किनाऱ्यावर अजून दाट शेवाळ वाढायचं, त्या काळची ही गोष्ट. ओहोटी लागली की सगुणाबाई विळा घेऊन यायची आणि माडांच्या खतासाठी शेवाळ कापून न्यायची. विळा खाली दोन बोटं राखून कापायचा. तेवढं शेवाळ कातळाला घट्ट धरून राहायचं, आणि त्यातूनच पुढच्या वर्षीचं फुटायचं.

एका वर्षी विळ्याचं पातं मोडलं. बाईने भाजीच्या वाफ्यातलं खुरपं आणलं. त्याला जन्मापासून एकच शिकवण होती, की मुळाशी काही ठेवायचं नाही.

"बाबा, धरायपुरतं तरी राहू दे मला," शेवाळ म्हणालं.

"वाफ्यातलं तणही हेच म्हणतं," असं म्हणून खुरपं कामाला लागलं.

भरतीच्या आत कातळ लख्ख झाला. "विळ्याला असं कधी जमलं नाही हो," सगुणाबाई कौतुकाने म्हणाली.

पुढच्या वर्षी ती खुरपं घेऊन आली, तेव्हा कातळ तसाच उघडा होता. पोटाखाली अंडी घेतलेली एक कुर्ली नांग्या उचलून तापल्या दगडावरून इकडून तिकडे फिरत होती.

"इथली सावली कुठे गेली गं?" तिने विचारलं.

 रिकामी पाटी उचलून सगुणाबाई घरी गेली आणि खुरपं कातळावरच विसरली.

मग भरती आली. लाट ओढू लागली तशी खुरप्याने धरायला काहीतरी शोधलं. कातळ अगदी स्वच्छ होता.