मामांच्या हाताला जागा

आंबेखोर गावात सर्जेराव नावाचा एक भोळा गडी राहायचा. खरं तर तो ठार येडा होता, पण जावयाला कुणी येडा म्हणत नाही, भोळा म्हणतात. तसा कामाला वाघ. सांगितलेलं तंतोतंत करायचा. न सांगितलेलं मेला तरी करायचा नाही. गाडी तेवढी झकास चालवायचा, कारण रस्त्यात त्याला सांगणारं कुणी नसायचं.

त्याची बायको हौसा. ती सकाळी उठली की आधी कपाळाला हात लावायची, मग कुंकू.

तर झालं असं. हौसाचे वडील, दाजी पैलवान, न्हाणीत घसरले. उभ्या जन्मात कुणी त्यांची पाठ जमिनीला लावली नव्हती, ती साबणाच्या वडीनं लावली. उजव्या हाताला बोटांपासून खांद्यापर्यंत प्लास्टर. ते तालुक्याला धाकट्या मुलाकडं असायचे. सुनेच्या घरात सोफा होता, भिंतीएवढा टीव्ही होता. पोटभर भाकरी तेवढी नव्हती. म्हातारा कोपऱ्यात बसून लेकीची वाट बघायचा.

हौसा न्यायला गेली, तर भावजय रत्ना म्हणाली, "न्या की वन्सं. पण तुमच्या त्या टिचभर गाडीत आबांनी हात ठेवायचा कुठं? खड्ड्यात आदळला म्हणजे हाड परत सरकणार. त्यापेक्षा पुण्याचे भावजी म्हणतायत, रविवारी इकडं पाठवून द्या."

पुण्याचा थोरला राहायचा चौथ्या मजल्यावर. लिफ्ट कायमची बंद. तिथं एकदा वर चढवलेला म्हातारा खाली उतरणार तो देवालाच माहीत कधी. आबांनी लेकीकडं बघितलं.

हौसा उसळली. "रविवारी दुपारी आबा माझ्या दारात असतील! हाताला मऊ गादी करून नेईन. आणि तोवर ह्या घरात मी पाऊल टाकायची नाही!"

बोलून बसली. आता पाऊल टाकायचं नाही म्हटल्यावर आबांना आणायला जाणार कोण? सर्जेराव. रागाच्या भरात माणूस हे कधी बघत नाही.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला समोर बसवलं. "अहो, नीट ऐका. गाडीत पुढच्या दोन सीटांच्या मधे हात टेकायचं असतं, त्याला आर्मरेस्ट म्हणतात. आपल्या गाडीला ते आलेलं नाही, महागातल्या गाडीला येतं. शोरूममधे जा आणि कंपनीचं बघा. दुकानदाराच्या तोंडाला भुलू नका. आधी आत बसा, हात टेका, आराम वाटतो का बघा, मगच घ्या."

"बरं," म्हणाला सर्जेराव.

त्याचं बरं म्हणजे दगडावरची रेघ. एकदा डोक्यात गेलेलं बाहेर यायचं नाही. हीच तर पंचाईत होती.

शोरूमच्या वाटेवर चहाच्या टपरीसमोर एक गाडी उभी होती. काच खाली. आत मधोमध काळंभोर आर्मरेस्ट. सर्जेरावानं आपली गाडी बाजूला लावली, त्या गाडीचं दार उघडलं, आत बसला आणि हात टेकला. आराम वाटला. इतका वाटला की डोळा लागला.

जरा वेळानं गाडीच्या मालकाची बायको चहा पिऊन आली आणि न बघता त्याच्या मांडीवर बसली. तिनं जी किंकाळी फोडली ती टपरीवाल्याच्या कपबशा हलवून गेली.

"कोण रे तू?" मालक धावत आला.

"मी हात टेकून बघतोय," सर्जेराव म्हणाला.

"माझ्या गाडीत?"

"आराम आहे. पण जरा उंच पाहिजे होतं."

मालकानं त्याला कॉलर धरून बाहेर काढलं. शर्टाची दोन बटणं गाडीतच राहिली.

"मग मी काय करायला पाहिजे होतं?" सर्जेरावानं घरी येऊन विचारलं.

"दुसऱ्याच्या वस्तूला असा हात लावतात होय?" हौसा ओरडली. "आधी मालकाला शोधायचं. रामराम घालायचा. हात लावू का, असं विचारायचं. हो म्हणाला तरच लावायचा."

"बरं."

दुसऱ्या दिवशी हौसा दळण घेऊन गिरणीत गेली. अंगणात लुगड्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. शेजारच्या पारूबाईची शेळी आली आणि तिनं कुरडयांत तोंड घातलं. सर्जेराव ओट्यावरच बसला होता. शेळी दुसऱ्याची, हे त्यानं बरोब्बर ओळखलं. तो उठला आणि मालकीण शोधायला निघाला. पारूबाई ओढ्यापलीकडच्या शेतात भांगलत होती.

"रामराम, पारूकाकू."

"रामराम. का रं बाबा, एवढ्या उन्हाचा?"

"शेळी तुमचीच ना?"

"माझीच की."

"तिला जरा हात लावू का?"

"कशाला?"

"आमच्या कुरडया खातीय."

"मग हाकलायची न्हाई व्हय, मुडद्या!" पारूबाई खुरपं टाकून उठली.

ती दोघं परत येईस्तोवर कुरडया संपल्या होत्या आणि शेळी लुगड्याच्या काठाला लागली होती.

"मग मी काय करायला पाहिजे होतं?"

"काठी घ्यायची!" हौसाचा आवाज वेशीपर्यंत गेला. "आपल्या वस्तूत कुणी तोंड घातलं की विचारत बसायचं नाही. 'हाड्' म्हणायचं आणि पाठीत एक ठेवून द्यायची!"

"बरं," म्हणाला सर्जेराव, आणि काठी गाडीत टाकून शोरूमला गेला.

शोरूम म्हणजे काचेचा महाल. दारातच टाय लावलेला एक माणूस हसत पुढं आला. फार गोड माणूस. सर्जेरावाचं काम ऐकून घेतलं. "या सर, या. आर्मरेस्ट ना? कंपनीचंच घ्या. बाहेरचं बसवलं तर वॉरंटी जाते. बघू, तुमचं मॉडेल कुठलं," असं म्हणून त्यानं गाडीचं दार उघडलं आणि आत तोंड घातलं.

"हाड्!" सर्जेराव ओरडला आणि पाठीत एक ठेवून दिली.

तो बिचारा दचकून जो उलटला, त्याचा टाय गिअरच्या दांड्यात अडकला. आतनं त्याला सोडवायला दोघं आले. त्यांनीही गाडीत तोंडं घातली. त्यांनाही प्रसाद मिळाला. मग आतनं साहेब आला आणि लांब उभा राहून म्हणाला, "ही गाडी आणि हा माणूस पुन्हा ह्या फाटकातनं आत घ्यायचा नाही."

कंपनीच्या आर्मरेस्टचा विषय तिथंच संपला.

"मग मी काय करायला पाहिजे होतं?"

हौसा खाली बसली. शुक्रवार उजाडला होता. रत्नाचा फोन येऊन गेला होता, की वन्सं, आबांची बॅग पुण्यासाठी भरू का तुमच्यासाठी? "अहो, दुकानात गेलं की गोड बोलावं," हौसा दात आवळून म्हणाली. "समोरचा काय म्हणेल त्याला हसून हो म्हणावं. मग तोही खूश होतो आणि आपलंही काम होतं. जाऊ दे कंपनीचं. बाजारात पिंटूशेठचं दुकान आहे, तिथं बाहेरचं मिळतं."

"बरं."

पिंटूशेठनं गिऱ्हाईक पायरी चढतानाच ओळखलं.

"कंपनीचं कशाला पाहिजे दादा? कंपनी तरी कुठं स्वतः बनवते? बाहेरनंच घेते आणि वर आपलं नाव छापते. बरोबर का नाही?"

"हो," सर्जेराव हसून म्हणाला.

"पण सीटा अशा उघड्या ठेवून आर्मरेस्ट शोभत नाही. वाघाच्या कातड्याचं कव्हर घालू?"

"हो."

"खाली निळी लाईट?"

"हो."

"गाडी मागं घेतली की लहान मूल रडल्याचा आवाज येतो. नवीन आलंय. लोक पटकन बाजूला होतात."

"हो."

"मागं पंख लावू?"

"हो," सर्जेराव म्हणाला. इतका वेळ कुणी त्याच्याशी गोड बोललं नव्हतं. त्याला फार बरं वाटत होतं.

सगळं बसवून झाल्यावर पिंटूशेठनं हात पुसले. "दादा, आर्मरेस्टचं काय, पुढच्या महिन्यात बघू?"

"हो."

संध्याकाळी गाडी गावात शिरली तेव्हा पोरांना वाटलं तमाशाचा फड आला. सर्जेरावानं दारात गाडी मागं घेतली. गाडी टाहो फोडून रडायला लागली. ते ऐकून हौसालाही रडू फुटलं.

"मग मी काय करायला..."

"गप बसा!" हौसा म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "आता माझं शेवटचं ऐका. आपल्याला काय पाहिजे? हात टेकायला जागा. बास. ती आहे का, मऊ आहे का, एवढंच बघायचं. बाकी रंग, लाईट, पाट्या, कशाकडं बघायचं नाही. देव समोर येऊन उभा राहिला तरी बघायचं नाही."

"बरं."

शनिवारी ती स्वतः त्याला घेऊन पिंटूशेठकडं गेली. पिंटूशेठ म्हणाला, विकलेला माल परत घेत नाही. हौसानं दुकानाच्या दारात मांडी ठोकली आणि येईल त्या गिऱ्हाइकाला तो पंख दाखवायला लागली. घटकाभरात पिंटूशेठला माल परत घ्यायचं आठवलं. मग तिनं आर्मरेस्टं मागवली. एक कप ठेवायच्या खळग्यात नुसतंच खोचायचं होतं, ते तिनं हातानं हलवलं आणि फेकून दिलं. दुसरं खाली केलं की हँडब्रेक वर येईना. तिसऱ्याखाली पट्ट्याचं बक्कल दबलं. शेवटी एक सापडलं. खालून नटबोल्टनं आवळलेलं, वर जाड गादी, हँडब्रेक मोकळा, पट्टा मोकळा. हौसानं त्यावर कोपर टेकलं आणि आठवडाभरात पहिल्यांदा हसली.

"ह्याला म्हणतात हात टेकायला जागा," ती म्हणाली. "बघू आता रत्ना काय बोलते."

पण गाव ते गावच. गाडी दारात लागली आणि अख्खी आळी बघायला आली. एकानं हात ठेवून बघितला, दुसऱ्यानं कोपर. पारूबाईचा नातू तर वर चढूनच बसला. हौसानं सगळ्यांना बाहेर काढलं, आर्मरेस्टवरचं दुकानातलं प्लास्टिक नीट चापून बसवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "उद्यापर्यंत ह्याला जिवापलीकडं जपा. कुणाचाही हात लागता कामा नये. कुणी म्हणजे कुणी!"

"बरं," म्हणाला सर्जेराव.

रविवारी सकाळी तो सासऱ्याला आणायला गेला. सासऱ्याला तो मामा म्हणायचा. मामा अंघोळ करून, फेटा बांधून तयारच होते. दुखायची गोळी घेतल्यामुळं जरा झापड आली होती, पण खूश होते. पुढच्या सीटवर बसले, आर्मरेस्ट बघितलं आणि म्हणाले, "माझी लेक ती माझी लेक." आणि प्लास्टरचा हात अलगद खाली टेकायला गेले.

"मामा, हात उचला," सर्जेराव म्हणाला.

"आं?"

"ह्याला कुणाचा हात लागू द्यायचा नाही."

"अहो जावईबापू, मग ठेवू कुठं?"

"कुठंही ठेवा. ह्याच्यावर नको."

मामांनी हात वर धरला. पहिला खड्डा आला. मामा "आई गं" म्हणाले. दुसरा आला. मामा आईच्या पुढं गेले. समोरनं येणारे गाडीवाले थांबायला लागले, म्हातारा कशाला हात दाखवतोय म्हणून. सर्जेरावानं मामांना मागच्या सीटवर बसवून बघितलं. पण पैलवानाचा हात, तो मागनंही पुढं पोचायचा.

सर्जेराव मनानं वाईट नव्हता. त्याला मामांची दया आली. आणि दया आली की तो विचार करायचा. विचार करता करता समोर एस्टी स्टँड आलं.

दुपारी गाडी दारात उभी राहिली. हौसा भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. आळीतल्या बायका जमल्या होत्या. सर्जेराव उतरला. त्यानं पुढचं दार उघडून दाखवलं. सीट रिकामी. मधे आर्मरेस्ट, वर मामांची शाल पांघरलेली, खाली प्लास्टिक जसंच्या तसं.

"बघ," सर्जेराव म्हणाला. "बोटसुद्धा लागू दिलं नाही."

"आबा कुठायत?"

"एस्टीनं."

"एस्टीनं?" हौसानं तांब्या उंबऱ्यावरच ठेवला. "मोडक्या हातानं? आपल्या ह्या रस्त्यानं?"

"मी काय येडा आहे होय?" सर्जेरावाला जरा रागच आला. "आपल्या गावची गाडी लागली होती. आत गेलो, बसून बघितलं. नुसतं बाकडं. हात टेकायला काही नाही. म्हटलं, मामांचे हाल होतील. मग सगळ्या गाड्या बघितल्या. दर गाडीत कंडक्टरला आधी रामराम घातला, विचारलं, मगच हात लावला. आणि हौसे, शेवटी एक गाडी सापडली. सीटा अशा गुबगुबीत! आणि दर सीटला दोन्ही बाजूंनी आर्मरेस्ट! बाहेरचं नाही, कंपनीचं! मामांनी हात टेकला, म्हणाले, आता कसं बरं वाटलं. आणि लगेच घोरायला लागले."

हौसाचा आवाज अगदी बारीक झाला. "अहो, गाडीवर पाटी कुठली होती?"

"पाट्या बघायच्या नाहीत म्हणालीस की," सर्जेराव म्हणाला. "पण तू काळजी करू नकोस. कंडक्टर फार भला माणूस. म्हणाला, म्हाताऱ्यांना झोपू दे निवांत. मधे कुठं थांबत नाही, थेट पुण्यालाच उठवतो."